असईचं रान पायाखाली घालताना

पहिल्यांदा असईला गेलो तो 1803 च्या इंग्रज-मराठा लढाईच्या तारखेलाच, 23 सप्टेंबरला. आणि दिवसभर कपाशी बघून परत आलो.

हसू नका. तीसेक वर्षं भूकरमापक म्हणून लोकांची शेतं मोजली, बांधावरची भांडणं ऐकली. जमीन वाचता येते असा माझा समज होता. पण छातीएवढ्या कपाशीत उभं राहिल्यावर मापकाला दिसतं तेवढंच रखवालदारालाही दिसतं. त्यात सकाळी मी भलत्याच पिंपळगावात जाऊन पोचलो होतो. पिंपळगाव नावाची गावं आमच्या जालना जिल्ह्यात पैशाला पासरी. तिथल्या पारावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "इंग्रजांची लढाई कुठं झाली हो?" तो म्हणाला, "इथं तर भावकीचीच चाललीय."

त्यानंतर पाच-सहा वेळा गेलो आणि हळूहळू मैदान कळायला लागलं. ज्यांना जायचंय त्यांनी माझ्यासारखा दिवस वाया घालवू नये म्हणून हे लिहितोय. असई निमित्त, खर्डा, पालखेड, कोरेगाव, कुठंही गेलात तरी पद्धत हीच.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज पदरात घेतली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना ते मानवलं नाही. 1803 च्या सप्टेंबरात त्या दोघांची फौज भोकरदनपासून असईपर्यंत केळना नदीच्या उत्तर काठानं पसरून बसली होती. दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि त्याच्या कितीतरी पट घोडदळ. समोरून आला आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा. प्रत्यक्ष लढाईत त्याचे साडेचार हजारांच्या आसपास लोक. दक्षिण काठावर मैसूरचे आणि पेशव्यांचे स्वारही त्याच्या बाजूनं उभे होते, हे आपण सांगताना गाळतो.

घरून निघायच्या आधी नकाशा घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. नद्या, गावं, वाटा यांची संगती लावायला उत्तम. पण त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, वीस-वीस मीटर उंचीच्या अंतरानं असतात, आणि इथंच लोक फसतात. दोन रेषांमध्ये मोकळी जागा दिसली की 'सपाट मैदान' म्हणून मोकळे. अहो, उभा माणूस झाकायला दोन मीटर पुरतात! घोड्यावरचा माणूस झाकायला तीन. लढाईत जी जमीन कामाला येते, ती सगळी त्या वीस मीटरच्या पोटात गडप झालेली असते. म्हणून तर पायानं जायचं.

दुसरी गोष्ट नावांची. इंग्रजी कागदांत कैत्ना किंवा कैल्ना असेल ती आपली केळना, जुआ म्हणजे जुई, असाये म्हणजे असई, बोरकरदन म्हणजे भोकरदन. साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. नकाशावर सगळी नावं आपल्या रूपात लिहून घेतल्याशिवाय घर सोडू नका, नाहीतर बसस्टँडवर कंडक्टरला 'असाये' विचारत बसाल.

आता आकार डोक्यात पक्का करा. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई. दोघी साधारण पूर्वेकडे वाहतात आणि असईच्या पुढं एकमेकींना मिळतात. मधे बैलाच्या जिभेसारखी पट्टी, लढाईच्या जागी रुंदी जेमतेम मैलभर. हातात काठी असेल तर मातीत काढूनच बघा. पूर्वेला टोक, पश्चिमेला रुंद होत जाणारी. एवढं चित्र डोळ्यांपुढं नसेल तर बाकीचं सगळं वाचन वाया.

कधी जायचं? तारखेची हौस असते सगळ्यांना, मलाही होती. पण एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. कापूस वेचून झालेला, तूर निघालेली, काळं रान उघडं पडलेलं. जमिनीची ठेवण त्या दिवसांतच दिसते. आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरअखेरीस जा, पाणी आणि चिखल बघायला. जुईवर वरच्या अंगाला दानापूरला धरण आहे, त्यामुळं आजचं पाणी म्हणजे 1803 चं पाणी नव्हे. पण काळ्या मातीचा चिखल तोच आहे. एका फेरीत दोन्ही होत नाही. पायात जुने बूट घाला. सप्टेंबरात दर पन्नास पावलांवर एकेका बुटाला किलोभर माती येते, ती काठीनं खरवडत पुढं जायचं. तोफा ओढणाऱ्या बैलांचं काय झालं असेल याचा अंदाज तिथं येतो.

सुरुवात गावातून करू नका. हा माझा आग्रह आहे. लोक गाडी थेट असईत लावतात, फोटो काढतात आणि 'इथं झाली' म्हणून परततात. ज्या बाजूनं फौज आली त्या बाजूनं यायचं, म्हणजे इथं दक्षिणेकडून, केळनेच्या अलीकडच्या काठानं.

वेलस्लीची फौज त्या दिवशी सकाळीच चौदाएक मैल चालून मुक्कामाला पोचली होती. शत्रू अजून लांब आहे असा त्याचा समज. पण शत्रू पाच-सहा मैलांवरच आहे असं कळलं. दुसरी तुकडी कर्नल स्टीव्हन्सनची, ती दुसऱ्या दिवशी येऊन मिळायची होती. वेलस्ली तिच्यासाठी थांबला नाही. नदीकाठी येऊन बघतो तर समोर पलीकडच्या थडीला मराठ्यांची ओळ, आणि सरळ समोरून उतरायची सोय नाही. वाटाडे म्हणाले, या बाजूला दुसरा उतार (पायी नदी ओलांडायची जागा) नाही.

तिथं जाऊन उभे राहा आणि पूर्वेकडं बघा. अलीकडं एक गाव, पलीकडं एक गाव: पिंपळगाव आणि वरूड, नदीच्या दोन काठांना समोरासमोर. वेलस्लीनं पुढं स्वतःच सांगितलंय की त्याला ती दोन गावं दिसली आणि त्यानं ताडलं, इतकी जवळ दोन गावं आहेत तर माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. शोधायला माणूस पाठवला, उतार निघाला. अख्खी लढाई त्या एका तर्कावर उभी आहे.

मला या गोष्टीचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो, कारण हे आपल्या खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. समोरच्या गावात मामा राहतो, नदीत वाट आहे. मी तिथं एका शेतकरीबुवाला विचारलं, "पलीकडं कुठून जाता?" त्यांनी हातातल्या विळ्यानं दाखवलं. "ती बाभळ दिसती ना, तिच्या खालून. वर गेलं की डोह, खाली गेलं की गाळ. मधी खडक हाय, बैलगाडी जाती." मग खाली उतरून दाखवलंसुद्धा. चप्पल काढून हातात घेतली आणि पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपत चालायला लागले. खडकावर पाय पडला की थांबायचे, मागं वळून म्हणायचे, "हं, या." पाणी पोटरीपर्यंत होतं. चार हातांवर वरच्या बाजूला पाणी काळं दिसत होतं, तो डोह. तो नेमका 1803 चाच उतार आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, नदी दोनशे वर्षांत पात्र बदलते. पण उतार ओळखायचा कसा, हे मला नकाशानं नाही, त्या अंगठ्यानं शिकवलं.

म्हणून कुठल्याही मैदानावर पहिला प्रश्न 'लढाई कुठं झाली' हा विचारू नका. विचारा: गाडीवाट कुठून जाते, पावसाळ्यात कुठलं रान तुंबतं, ओढ्याला पाणी कधी सुटतं, जुनी पाणंद कुठली. लढाईबद्दल विचारलं की माणसं तुम्हाला आवडेल ते सांगतात. वाटेबद्दल विचारलं की खरं सांगतात.

उतार ओलांडून वर आलात की पश्चिमेकडं तोंड करा. इंग्रजांची ओळ इथं अशीच उभी राहिली, डावा हात केळनेला, उजवा जुईला. लढाई दुपारची, म्हणून तुम्हीही दुपारी तीननंतर या ठिकाणी असलं पाहिजे. वेळ जुळवणं हे जागा जुळवण्याइतकंच महत्त्वाचं. आकाश निवळ असेल तर ऊन थेट डोळ्यांवर येतं. मी डोळ्यांवर हात धरून बघत होतो आणि शे-दोनशे मीटरवरचा बांध मला नीट दिसेना. त्यात शंभर तोफांचा धूर घाला.

आता चाला. पण नुसतं नाही, मोजून. त्या काळचं पायदळ ओळ राखायची तेव्हा फार सावकाश चालायचं, मिनिटाला पाऊणशे पावलं धरा. पाऊल पाऊण मीटरचं. म्हणजे मिनिटाला छप्पन मीटर. छर्रे भरलेली तोफ तीनशे मीटरच्या आत आली की माणसं गवतासारखी कापते. मोबाइलवर वेळ लावा आणि नांगरटीतून त्या चालीनं तीनशे मीटर चालून बघा. पाच मिनिटांच्या वर लागतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला नकळत वेग वाढवला होता, आणि माझ्यावर कोणी काही झाडतही नव्हतं. ढेकळात ओळ राहत नाही. एक पाय सरीत, एक वरंब्यावर. इंग्रजांच्या तोफांचे बैल इथंच मेले, तोफा मागं राहिल्या आणि पायदळ नुसत्या संगिनींवर पुढं गेलं. वाचताना हे एक वाक्य असतं.

माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगतो, खर्च शून्य. पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी भरा आणि आडवी धरा. पाण्याची रेघ म्हणजे तुमची समपातळी. गुडघ्यावर बसा, डोळा त्या रेघेला लावा आणि समोर बघा. रेघेच्या वर दिसतंय ते तुमच्या डोळ्यापेक्षा उंच, खाली दिसतंय ते सखल. आणि दोन दिसणाऱ्या तुकड्यांच्या मधे जी जमीन गायब झालीय ती खरी कामाची. तिथं पलटण मावते. बरोबर कोणी असेल तर त्याला समोर चालत जायला सांगा. माझा पुतण्या लाल शर्ट घालून जात होता. आधी पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग नुसतं डोकं, आणि एकाएकी काहीच नाही. दोन मिनिटांनी फोन आला, "काका, दिसतोय का?" तो माझ्यापासून अडीचशे मीटरवर, अगदी 'सपाट' रानात उभा होता.

या प्रयोगासाठी बसायचं का? तर उभं राहून चुकीचं दिसतं. जखमी माणूस, तोफेमागं वाकलेला गोलंदाज, नेम धरणारा शिपाई, यांचे डोळे खाली असतात. सेनापती मात्र घोड्यावर. तो कुठून बघत होता हे कळायला मी एकदा पाण्याच्या टँकरवर चढलो. टँकरवाल्याला वाटलं, अधिकारी आलेत, पाणीटंचाईची पाहणी चाललीय.

आता जरा कठीण भाग. मधल्या पट्टीतून सरळ पश्चिमेला चालायचा प्रयत्न करा, होकायंत्र न बघता. पाचशे मीटरनंतर मागं वळून तुमची वाट बघा. माझी उजवीकडं गेली होती, असईच्या दिशेला. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. कारण साधं आहे. उघड्या रानात डोळा धरायला खूण लागते, आणि खूण एकच, गाव. आपली जुनी गावं पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, उंचवट्यावर असतात, काळीतून, म्हणजे शेतजमिनीतून, चालणाऱ्याला ती लांबून बोलावतात. मोजणीत आम्ही म्हणूनच झेंड्या रोवतो. झेंडी नसेल तर साखळी धरणारा गडी हमखास झाडाकडं सरकतो.

वेलस्लीच्या ओळीचं उजवं टोक त्या दिवशी असंच गेलं. हुकूम होता गावापासून लांब राहायचा. असईला मातीची भिंत होती, आत पायदळ आणि तोफा. तरी कर्नल ऑरॉकच्या हाताखालच्या तुकड्या सरळ गावाकडं चालत राहिल्या आणि त्यांच्यामागं 74 वी हायलँडर पलटण. ती पलटण तिथं जवळजवळ संपली. उरलेले मेलेल्यांच्या आडोशानं चौकोन करून उभे राहिले आणि मॅक्सवेलच्या घोडदळानं येऊन त्यांना सोडवलं. हुकूम नीट कळला नाही म्हणून झालं असं म्हणतात. असेलही. पण त्या रानातून चालल्यावर मला वाटतं, हुकूम कळूनसुद्धा पाय तिकडंच गेले असते.

इथवर आपण इंग्रजांच्या बाजूनं आलो. बहुतेक लोक इथंच थांबतात, कारण त्यांची कागदपत्रं जास्त. पण अर्धं मैदान राहिलंय. आता असईच्या पांढरीजवळ जा, पाठ जुईकडं करा आणि दक्षिणेला केळनेकडं बघा. मराठ्यांच्या पायदळाचं तोंड सकाळी या दिशेला होतं. शत्रू समोरून येणार म्हणून तोफा नदीकडं रोखलेल्या. आणि कोणीतरी येऊन सांगतं, शत्रू डावीकडून, पूर्वेला उतरलाय.

काय करायचं? अख्खी ओळ काटकोनात फिरवायची. उजवं टोक केळनेला, डावं असईला. शंभराच्या आसपास तोफा बैलांनी ओढून नव्या तोंडावर आणायच्या, तेही शत्रू समोर मांडणी करत असताना. पोलमन नावाच्या, जर्मनीतल्या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणींनी ते केलं. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. तो बाजूवर तुटून पडायला आला होता, त्याला समोर पुन्हा सरळ फळी दिसली. तिथं उभं राहून ती फिरकी पावलांनी मोजून बघा. टोकाच्या गड्याला मैल-दीड मैल चालावं लागतं. 'मराठ्यांची कवायत कमी पडली' असं अजूनही भाषणांतून ऐकू येतं. असं बोलणाऱ्याला मी त्या नांगरटीत नेऊन शंभर माणसांची रांग काटकोनात फिरवून दाखवायला सांगेन.

मग हरले का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. उतारावर चौकी नव्हती, ही एक. लांबून तोफा डागल्या गेल्या, उतरताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं गोळ्यानं उडालं, पण उताराच्या तोंडावर अडवायला पायदळ नव्हतं. आणि दुसरी, भोकरदनच्या अंगाला पसरलेलं ते प्रचंड घोडदळ. त्यानं फारसं काही केलंच नाही. पश्चिमेकडं नजर टाका; एवढा मोकळा माळ, आणि त्यावर हजारो स्वार बघत उभे. गोलंदाज मात्र तोफांना चिकटून मेले. काहींनी मेल्याचं सोंग घेतलं, इंग्रजांची ओळ पुढं गेल्यावर उठले आणि तोफा उलट्या फिरवून मागून डागल्या. वेलस्लीला परत येऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

शेवटी जुईच्या काठाला या. संध्याकाळी मागं हटलेलं पायदळ इथून पलीकडं गेलं, तोफा इथंच राहिल्या. काठावरून खाली उतरा. दहा-बारा पावलांत मागचं रान नाहीसं होतं, आवाजसुद्धा बदलतो. माणूस उतरून चढू शकतो, तोफेचा गाडा नाही. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारावर गेले, लढलेल्या फौजेचा तिसरा हिस्सा म्हणा. म्हातारपणी वेलस्लीला कोणी विचारलं, लढाईत तुमच्या हातून सर्वांत चांगलं काय झालं, तर तो एवढंच म्हणाला, 'असई'. वॉटर्लू नाही.

थोडं वागण्याचं. हे सगळं कोणाच्या तरी मालकीचं रान आहे. बांधावरून चाला, उभ्या पिकात पाय घालू नका, मालक दिसला की आधी राम राम, मग नकाशा. ड्रोन उडवायचा तर गावात सांगून. एकानं न सांगता उडवला तर लोकांना वाटलं रस्त्याच्या भूसंपादनाची मोजणी आली, आणि त्याला दोन तास बसवून ठेवला. नांगराला जुना गोळा किंवा नाणं लागलं असं कोणी दाखवलं तर बघा, कुठल्या गट नंबरात सापडलं ते लिहून घ्या आणि परत द्या. विकत घेऊ नका, खिशात तर मुळीच नको. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी द्यायचा कायदा 1878 पासून आहे. शिवाय गोळा हलला की तो कुठं पडला होता ही गोष्टच पुसली जाते.

वेळ उरला तर येताना भोकरदनला थांबा. जुनं भोगवर्धन ते. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. केळनेच्या काठाला लेणंही आहे.

गेल्या खेपेला जुईच्या काठावर बसून वहीत पावलांचे आकडे मांडत होतो. मघाचे उतार दाखवणारे शेतकरीबुवा पुतण्याशी बोलत बोलत तिथवर आले होते. पुतण्यानं सांगितलं असावं, काका मोजणी खात्यात होते. बुवा जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "साहेब, ते पल्याडचं राहू द्या. माझ्या धुऱ्याकडं एकदा बघता का? भावानं नांगराचे दोन तास सरकवलाय." सूर्य अजून हातभर वर होता. बाटली पिशवीत टाकली आणि त्यांच्या मागं निघालो.